प्रार्थनेत चाललेलं मशीन

३ नोव्हेंबर १९५७, रविवार. वरोरा.

काल पत्र आलं, तेव्हापासून पोटात जळजळ. बायको रंभा म्हणते, वांग्याचं आहे. वांगं मी तीस वर्षांपासून खातो, बापा, वांग्यानं असं कधी केलं नाही.

पत्र शिवणटोल्याच्या मिशन दवाखान्यातून. धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलात. तिथले डॉक्टर साहेब लिहितात की त्यांच्या मुलखातल्या मंडळींनी चालतं चित्र काढायचा कॅमेरा पाठवला आहे, हातात धरून चालवायचा. आठ डिसेंबरला त्यांच्या देवळात कापणीचा सण आहे, नवं धान देवाला वाहतात. ती उपासना चालू असतानाच तिचं चित्र काढून तिकडं दाखवायचं आहे. साहेबांना स्वतः उपासनेत उभं राहायचं असल्यानं मशीन धरायला माणूस पाहिजे. ‘हात न हलणारा फोटोवाला आपणच आहात असं समजलं.’

कोणाकडून समजलं ते मला सांगायची गरज नाही. त्या गावात माझा हात ओळखणारं एकच माणूस आहे.

माझी गोकुळा. एकुलती एक. तिथं नर्सचं शिकायला गेली आणि तिथल्याच डोमा कंपाउंडरशी लग्न करून त्याचा धर्म घेऊन बसली. याला पाच वर्षं झाली. मी फोटोवाला असलो तरी जातीनं मासे धरणारा ढिवर, चिमूरकडच्या तळ्याच्या गावचा. तळ्याच्या पाळीवर पंच बसले, मधे जाळं ठेवलं, आणि मी जाळ्यावर हात ठेवून म्हटलं, ‘हिचं तोंड पाहणार नाही.’ जाळ्याची शपथ मोडली तर जात दार लावते. पंगतीला कोणी बसवत नाही, मेल्यावर खांदा कोणी देत नाही. मेल्यावरचं जाऊ द्या, पण माणसाला आधी भीती त्याचीच वाटते.

दुकानाच्या दारात काचेची पेटी आहे, तिच्यात चांगले निघालेले फोटो लावतो. मधोमध गोकुळाचा होता. शपथेच्या दिवशी उतरवला. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, इथं काय होतं? मी म्हणतो, वाळवी लागली.

उद्या साहेबांना ‘जमत नाही’ म्हणून कळवतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

पत्र टाकलं. ‘येतो’ म्हणून लिहिलं गेलं.

याचं कारण धंद्याचं आहे. चालतं चित्र काढायचं मशीन हातात घ्यायला वरोऱ्यात कोणाला मिळतं? दुसरं काही नाही.

मुखरूभाऊ बाजाराला मासोळी घेऊन आले होते. माझे चुलतभाऊ, वयानं मोठे, आणि पंचांत पहिले. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांना आधीच माहीत.

“शालिक, त्या गावाले चालला म्हनतेत?”

“कामाले जातो, भाऊ. मशीन चालवाले.”

“त्याइच्या देवळात जाशीन?”

“मशीन जिथी असन तिथी जा लागन.”

भाऊंनी विडी पायरीवर घासून विझवली. “काम कर. पोटाले कोनी नाई म्हनत नाई. पन जाळ्यावर जो हात ठेवला होता तो तुहा होता. ध्यानात ठेव.”

ध्यानात ठेव म्हणे! पाच वर्षांत दुसरं काही ध्यानात राहिलंच नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार.

माझी चौकड्याची फलालैनची आंगी सापडत नाही. थंडी पडू लागली, जंगलात जायचं, आणि आंगी नाही. दोन पेट्या उपसल्या. रंभाला विचारलं तर म्हणते, “उंदरानं कुरतडली, फेकून देल्ली.” एवढ्या जाड आंगीला कुरतडणारा उंदीर मी तरी पाहिला नाही.

रंभा आजकाल दुपारभर शिवत बसते. आज मी अचानक आत गेलो तर घाईनं मांडीखाली लपवलं. लहानशी कुंची होती. कोणाची, विचारलं, तर शेजारच्या शकुबाईच्या नातवाची म्हणते. शकुबाईचा नातू शाळेत जातो, त्याचं डोकं त्या कुंचीत एका बाजूनंही शिरणार नाही. बायकांचं काही समजत नाही. मागच्या पौषातही मावशीचे गुडघे दुखतात म्हणून गडचिरोलीला पंधरा दिवस जाऊन बसली होती आणि येताना मावशीबद्दल एक शब्द बोलली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार. शिवणटोला.

पोहोचलो. रेल्वेनं चांदा, तिथून मूल, मग मोटार, मग नावेनं वैनगंगा, पुन्हा मोटार, आणि शेवटी बैलबंडी. अंगाचा एक सांधा जागेवर नाही. नावेत बसल्यावर मात्र पोट शांत झालं. पाण्यावर आलं की आमच्या लोकांचं असंच होतं.

डॉक्टर साहेब उंच, वाकून बोलतात, मराठी शाळेतल्या पुस्तकासारखी. दुपारभर मशीन शिकवलं. चांगलं अडीच शेर वजन. डोळ्याशी धरायचं, बोट दाबलं की घर्रर्र करत चालतं. बाजूला चावी आहे, ती पुरी भरली की अर्धं मिनिट चालते, मग थांबून पुन्हा भरायची. एक रीळ चार मिनिटं पुरत नाही. अशी चार रिळं आहेत. दीड तासाची उपासना पंधरा मिनिटांत बसवायची, आणि काय निघालं ते मुंबईहून धुऊन आल्यावरच कळणार. तोपर्यंत सगळं देवाच्या हवाली. देव कोणाचा ते त्यांचं त्यांनी पाहावं.

साहेबांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. डोळा लावायची खिडकी वर आहे आणि भिंग खाली आहे. लांबून फरक पडत नाही. पण लांब भिंग लावून जवळचं काढलं, तर खिडकीत माणसाचं तोंड दिसतं आणि फिल्मवर त्याची छाती येते. माझ्या तीन पायांच्या जुन्या कॅमेऱ्यात असली भानगड नाही. काळ्या कापडाखाली जे दिसतं तेच निघतं, फक्त उलटं. तीस वर्षांची डोळ्याची सवय. म्हणून इथं लिहून ठेवतो: जवळून काढताना मशीन वर धरायचं. वर धरायचं.

६ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी बायकांच्या वॉर्डाच्या मागून जात होतो. आतून आवाज आला, “अवो बाई, आता नको घाबरू, मी हाय ना इथी.”

पाच वर्षं झाली तरी आवाज तोच, सर्दी झाल्यासारखा. मी तोंड भिंतीकडं करून उभा राहिलो. एक म्हातारा रोगी विचारतो, “काऊन जी, चक्कर आली काय?” मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं.

रंभानं एक गाठोडं शिवून दिलं होतं, ‘पाळकबाईले दे, उघडू नोको.’ इथल्या देवळाचे पाळक गुणवंतराव, त्यांची बायको भागीरथाबाई. तिला नेऊन दिलं. तिनं गाठोडं दाबून पाहिलं आणि हसली. “आले हायेत तं एकडाव पाहून नाई जानार काय?”

“काय पाहू?”

“काई नाई जी,” म्हणाली, आणि आत गेली.

दुपारी पोटातल्या आगीनं वाकडा झालो, तेव्हा कंपाउंडर स्वतः सोड्याची पुडी आणि पाणी घेऊन आला. डोमा. काळा, लाजरा, बोटांना आयोडीनचे डाग. माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. “हे घ्या जी. जेवल्यावर अजून एक.” मी घेतलं. याचं तोंड न पाहायची शपथ नव्हती. गुण आला, हे लिहायलाच पाहिजे.

७ डिसेंबर, शनिवार.

देवळात उजेड नाही. मी साहेबांना सरळ सांगितलं, या अंधारात फक्त पांढरे दात दिसतील. साहेब हसले आणि चार माणसं वर चढवली. बायकांच्या बाजूच्या छपराचे कवेलू काढले, लांबट चौकोन उघडा केला. सकाळी दहा वाजता ऊन बरोबर पुढच्या चटईवर पडतं. मी नुसती चावी भरून, रीळ न घालता, दिवसभर सराव केला. हात अजून कापत नाही. मन कापतं, पण ते मशीनला कळत नाही.

गुणवंतराव पाळकांनी नियम सांगितले. चपला बाहेर. पुरुष डाव्या हाताला बसतात, बाया उजव्या. मी मधल्या वाटेच्या डाव्या खांबापाशी उभं राहायचं, बायकांत जायचं नाही. आणि प्रार्थना चालू असताना मशीन बंद.

“भजन चाललं असन तवा चालवा, अर्पण चाललं असन तवा चालवा. ढोलकीत घरघर लपून जाते. पन प्रार्थनेत नाई, शालिकरामजी. मानूस डोळे मिटून उभा राह्यला, तवा त्याले देवाशिवाय कोनी पाहू नये.”

मी हव म्हटलं. मला पटलंही. तरी रात्रीचं जेवण गेलं नाही, कारण उद्या ती पुढंच बसेल की मागं, हे मी कोणाला विचारू शकत नाही.

८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मी मलाच खोटं सांगेन.

दहाला लोक आले. गोंड होते, शेतकरी होते, दवाखान्याचे रोगी होते. प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही: धानाच्या लोंब्या, कोहळा, लाखोळीची भाजी, पाय बांधलेली कोंबडी. बायकांनी पदर डोक्यावरून घेतलेले. आपल्या गावात नवं खायच्या दिवशी जसं करतात, तसंच. मी मनात म्हटलं, शालिक, इथं भ्यायचं काय आहे?

ती पुढच्या चटईवर बसली होती. मधल्या वाटेच्या कडेला. वॉर्डातून बोलावणं आलं तर उठून जाता यावं म्हणून असेल. मी तिकडं पाहिलं नाही. पांढरं लुगडं आणि पदराखाली मांडीवर अर्पणाचं गाठोडं, एवढंच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. गाठोडं बरंच मोठं होतं. कंपाउंडरचं बरं चाललेलं दिसतं.

पहिली तीन रिळं भजनात आणि अर्पणात गेली. लोक वाटेनं पुढं येत, टेबलाजवळ धान ठेवत, मी एका गुडघ्यावर बसून काढत होतो. पाळक माझ्या अगदी जवळ आले तेही काढलं. एक कोंबडी सुटली आणि साहेबांच्या पायातून पळाली, तीही काढली. घाम चष्म्यावर येत होता.

मग पाळक म्हणाले, “आपण प्रार्थना करू.” सगळे थांबले. ढोलकी थांबली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. दोनशे माणूस, आणि उघडे डोळे फक्त माझे.

तेव्हा माझ्या मनात आलं की आता ती मला पाहणार नाही. मी तिला पाहतोय हे कोणालाच कळणार नाही. आणि मी डोळ्यानं कुठं पाहणार आहे? मशीनमधून पाहणार. मशीन साहेबांचं.

मी दोन पावलं पुढं सरलो. उजेड तिथंच होता, हे खरं आहे, पण मी उजेडासाठी सरलो नाही. लांब भिंग फिरवलं. खिडकीला डोळा लावला.

गोकुळाचं तोंड. मिटलेले डोळे. गालफडं वर आली आहेत. कपाळाला कुंकू नाही. हनुवटीवर ती खूण, लहानपणी माझ्या दुकानात तिपाईवर पडली होती त्याची. ओठ हलत होते. काय मागत होती कोण जाणे.

मग माझं बोट दाबलं गेलं. मी दाबलं असं लिहायला हवं. मी दाबलं.

घर्रर्र! त्या शांततेत गिरणी सुरू झाल्यासारखं. पाळकांचा शब्द अडखळला. माझी छाती इतकी धडधडली की मला वाटलं तीही फिल्मवर येईल. तरी बोट सुटेना. चावी अर्धीच भरलेली होती, ती आपली आपण संपेपर्यंत मी पाहत राहिलो. कोणी डोळे उघडले नाहीत. तिनंही नाहीत. पण मला वाटतं तिला कळलं, कारण मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. शेवटी तोंड हललं, जरा खाली झुकली, पदर सावरला. मग चावी संपली.

‘आमेन’ झालं तेव्हा मी खांबाशी परत आलो होतो. काय केलं हे मी!

९ डिसेंबर, सोमवार.

निघालो. पाळक बंडीपर्यंत सोडायला आले, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी चारही रिळं डब्यांत बंद करून मुंबईला पाठवायला ठेवली. तो चौथा डबा तेवढा नदीत पडावा असं वाटत होतं, आणि पडला तर काय करू असंही वाटत होतं.

१२ जानेवारी १९५८, रविवार. वरोरा.

महिना झाला, काही कळलं नाही. फोटो धुताना हात चुकतो. काल एका नवरदेवाला इतका काळा काढला की त्याचा बाप भांडायला आला.

रंभा रोज विचारते. “दवाखाना कसा हाय? कोन कोन हायेत?” मी म्हणतो, रोगी आहेत. “लहान लेकरं हायेत काय?” मी म्हटलं, दवाखान्यात लहान लेकरं असायचीच. ती तोंड फिरवून चुलीपाशी गेली. रागावली बहुतेक. कशावर ते सांगत नाही.

मुखरूभाऊंनी बाजारात गाठून विचारलं, “पाह्यलं काय रे?” मी म्हटलं, “मशीन चालवलं.” ते पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. मी घरी येऊन हिशेब मांडत बसलो. आरशात पाहिलं तर पाहिलं म्हणतात का? तळ्यात चंद्र पाहिला तर चतुर्थी सुटते का? मग काचेतून पाहिलेलं कसं धरायचं? कोणत्याही बाजूनं मांडलं तरी उत्तर एकच येतं, म्हणून मांडणं बंद केलं.

आणि दुसरी भीती. ते चित्र पडद्यावर लागेल तेव्हा सगळं शिवणटोलं पाहील की दोनशे माणसं प्रार्थनेत असताना वरोऱ्याचा फोटोवाला एका नर्सचं तोंड काढत होता. पाळक पाहतील. ती पाहील.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

साहेबांचं पत्र. फिल्म धुऊन आली. एक मार्चला दाखवणार आहेत, ‘आपण अवश्य यावे, एका भागाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.’

एका भागाविषयी. झालं. दोन पुड्या सोडा खाल्ला.

१ मार्च, शनिवार. शिवणटोला.

दवाखान्याच्या रोगी तपासायच्या कोठीत पडदा म्हणून चादर लावली होती. विजेचं इंजिन बाहेर धडधडत होतं. दुपारची वेळ, म्हणून डोमानं खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि अंधार केला. वीसेक माणसं होती. मी पुढं खाली बसलो, मागं वळायचं नाही असं ठरवून. अंधार झाल्यावर माझ्या पाठीमागं कोणीतरी येऊन बसलं. औषधी पाण्याचा वास आला.

चित्र सुरू झालं. लांबचं सगळं बेस. लोक चालतात, ढोलकीवर हात पडतो, कोंबडी पळते. लोक ओरडून हसले. पण मग जवळचं आलं. पाळक आले, हातात कोहळा, वर मुंडकं नाही. एक बाई आली, मुंडकं नाही. मी जे जे जवळून काढलं त्याचं त्याचं डोकं कापलेलं. वर धरायचं! रोजनिशीत दोनदा लिहिलं होतं, आणि मशीन हातात आल्यावर तीस वर्षांची सवय जिंकली. गुणवंतराव अंधारात म्हणाले, “शालिकरामजी, माह्या बायकोले इच्यारा, डोस्कं तसंही नाई म्हनते ते मले.” लोक पुन्हा हसले. मी मात्र हसलो नाही, कारण चौथं रीळ राहिलं होतं, आणि मी ज्या तोंडासाठी शपथेशी खेळलो ते फिल्मवर नसणार, हे मला तेव्हा कळलं.

चौथं लागलं. शेवटी प्रार्थना. हसणं थांबलं.

पांढरं लुगडं. गळ्यापासून खाली. तोंड नाही. मांडीवर पदराखालचं गाठोडं.

गाठोडं हललं.

पदराखालून एक डोकं बाहेर आलं. वर्षाचं लेकरू. झोपेतून उठलेलं, मशीनच्या घरघरीनं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, सगळ्यांच्या माना खाली, आणि मग सरळ माझ्याकडं पाहिलं. अगदी सरळ. पापणी न हलवता, ती अर्धी चावी संपेपर्यंत, जसं काही मला ओळखून विचारत होतं की तू काऊन उघड्या डोळ्यानं आहेस? डोक्यावर कुंची होती. चौकड्याची. माझ्या आंगीची.

शेवटी वरून एक हात आला, पदर सावरून लेकराला आत घेतलं. त्या बोटांवर एक थेंब पडलेला दिसला. चादर पांढरी झाली.

साहेब म्हणाले, “आम्ही तिकडे आमच्या देशात हाच भाग आधी दाखवणार आहोत. तुम्ही इतक्या लोकांतून हेच कसे निवडले?” मी काही निवडलं नव्हतं. पाळक म्हणाले, “म्या मना केलं होतं.” मग रिकाम्या चादरीकडं पाहत, “पन ठीक आहे. त्या लेकराले कोनी डोळे मिटाले शिकवलं नव्हतं.”

साहेबांनी सगळ्यांना बाहेर नेलं. मी उठलो नाही. कोठीत अंधार तसाच. मागून ती सर्दीची वाणी आली.

“बाबा.”

मी मागं वळलो नाही.

“आईनं सांगतलं नाई काय? पोर झाली तवा, पौषात, तेच होती माह्याजवळ.”

“मावशीचे गुडघे दुखत होते,” मी म्हटलं.

ती रडता रडता हसली. मग अंधारात माझ्या मांडीवर काहीतरी जड, गरम आणून ठेवलं. त्यानं आधी माझा चष्मा ओढला, मग कान.

“नाव काय?”

“कमळा. तुमच्या मायचं.”

मला रडू आलं. लेकरासमोर रडू नये म्हणतात, पण अंधार होता.

बाहेरून डोमानं विचारलं, घोंगडी काढू का, एक रोगी आत घ्यायचा आहे. ती घाईनं म्हणाली, “थांबा जी! बाबा, तुमी डोळे मिटून घ्या. मी पोरीले घेऊन निंगून जातो, मंग उघडा. तुमची शपथ नाई मोडनार.”

पाच वर्षं मी तिला दोष दिला, आणि ती माझी शपथ सांभाळून राहिली होती.

“काढ रे,” मी डोमाला म्हटलं.

घोंगडी खाली पडली. मी डोळे मिटले नाहीत. मागं वळलो. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं.

४ मार्च, मंगळवार. वरोरा.

घरी आलो. रंभानं पाय धुवायला पाणी दिलं आणि काही न विचारता उभी राहिली.

“कुंची बसली बरोबर,” मी म्हटलं.

ती पदरात तोंड घालून रडली, मग माझ्यावरच चिडली. “वरीस झालं, पोटात ठेवून ठेवून जीव जाऊन राह्यला होता माहा! तुमाले कसं सांगू? तुमी पडले शपथेचे मानूस.” मी म्हटलं, आंगी मागितली असती तर दिली असती. ती म्हणाली, “चला, मोठे देनारे!”

६ मार्च, गुरुवार.

साहेबांनी चौथ्या रिळातला एक बोटभर तुकडा कापून दिला होता. त्यावरून मी माझ्या जुन्या कॅमेऱ्यानं मोठा फोटो केला. धुरकट आला, दाणे दिसतात, चांगला म्हणता येणार नाही. गिऱ्हाइकाला दिला असता तर परत आणून दिला असता. काचेच्या पेटीत मधोमध लावला.

आज मासोळी विकायला आलेले मुखरूभाऊ पायरीवर टोपली ठेवून पेटीसमोर थांबले. मी स्वतःच बाहेर गेलो.

“भाऊ, म्या गोकुळाचं तोंड पाह्यलं.”

त्यांनी टोपलीवरचं फडकं नीट केलं. मग हळू म्हणाले, “मशीनमधून पाह्यलं असन. तसंच सांग पंचाइले. मशीनची शपथ कोनी घेतली नव्हती. मी सांभाळून घेतो.”

मोठ्या भावानं दार उघडं ठेवलं होतं. मान हलवायची फक्त.

“नाई भाऊ. डोळ्यानं पाह्यलं. उजेडात.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं. “हे कोन?”

“माही नात.”

“डोळे काकूचे हायेत,” ते म्हणाले. काकू म्हणजे माझी माय. त्यांनाही तिनंच वाढवलं. मग टोपली उचलली. “अमावास्येले पंच बसतीन. ये.”

“येतो.”

ते गेले. मी काच पुसली. पोटात आग आहेच, आणि सोडा संपला. डोमाला पत्र टाकून दहा पुड्या मागवल्या, आणि गोकुळाला घेऊन येताना त्यानंच आणाव्यात असं लिहिलं.